मोकळ्या जागेतील तूट

मिहिकाच्या शाळेनं प्रकल्प दिला: सुवर्ण गुणोत्तर.
टेप माझी, महापालिकेत होतो तेव्हाची, पोलादी,
पहिल्या दोन सेंटिमीटरांचे आकडे पुसलेले.
आधी दार मोजलं. मग आजीचं पासबुक.
मग कपाटावरचा शंख, ज्याच्यावर तिची फार भिस्त होती,
तो तर जवळपासही फिरकला नाही.
मग मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो
आणि तिनं बनियनवरून माझी बेंबी चाचपली.
उंची भागिले बेंबी: एक पॉइंट सहा सहा.
'आजोबा, सहा एक आठ यायला हवं.'
'मग?'
'टाचा उचला ना थोड्या.'

उचलल्या.
बत्तीस वर्षं टाचा उचलूनच तर उभा होतो मी
इमारत प्रस्ताव विभागात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी,
हिरव्या शाईनं एकच वाक्य लिहीत:
मोकळ्या जागेतील तूट क्षमापित करण्यात येत आहे.
साडेतीन मीटरऐवजी दीड. चालेल.
स्वयंपाकघराची खिडकी शाफ्टमध्ये. चालेल.
कुणाच्या वाळवणावरचं दुपारचं ऊन
जात असेल तर
त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

खाली चल, म्हटलं, एक झाड मोजू.

पाण्याच्या टाकीमागे पपई आहे.
कुणी लावली नाही. रामसुरत वॉचमन म्हणतो, बी त्यानंच थुंकलं,
आणि तेव्हापासून तिच्यावर मालकी सांगतो.
गळलेल्या पानांचे वण खोडावर, मिटल्या डोळ्यांसारखे.
मिहिकानं स्केचपेननं ठिपके दिले, झाडाला प्रदक्षिणा घालत:
एक, दोन, पाच, आठ.
तीन फेऱ्या झाल्या खोडाभोवती आणि नववा वण
बरोबर पहिल्याच्या डोक्यावर,
नाही,
जरा बाजूला.

आठ म्हटल्यावर मला माझे वडील आठवले,
माहीमच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, बोटांवर मात्रा मोजत:
लघु-गुरूंनी दोन मात्रा भरायच्या दोन तऱ्हा,
तीन मात्रांच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ.
मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा, बाळ.
मला वाटायचं, हे फक्त कवितेचं गणित.
इथं झाड तेच घोकत होतं, टाकीच्या गळत्या पाण्यावर.

'पण बाजूला का?'
'कारण तो कोन कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही.
आठावर पाच, तेरावर आठ, एकविसावर तेरा,
सगळे दारापर्यंत येतात, आत कुणी शिरत नाही.
नीट बसला असता तर पानावर पान आलं असतं, रांगेत.
मग खालच्यानं काय करायचं?'
'ऊन खायचं नाही,' ती म्हणाली,
आपल्या दुसऱ्या मजल्याकडे बघत.

मी काही बोललो नाही.
एवढ्याशा खोडाला कुणी नकाशा मागितला नव्हता,
शुल्क भरून घेतलं नव्हतं,
आणि येणारं प्रत्येक पान आधीच्यांना
वाट देऊनच उघडलं होतं.

तीनला पश्चिमेच्या टॉवरची सावली आली.
एकोणचाळीस मजले. फाईल माझ्या टेबलावरून गेलेली,
जाड होती, मला तिचं वजन अजून आठवतं.
सावली आधी मुळाशी, मग वणांवरून वर,
मग पानांवर. कोन कुठलाही असो, सगळ्यांवर.
रामसुरतनं खुर्ची उचलून फाटकापाशी नेली,
रोज नेतो तशी.

मिहिका टाकीवर वही टेकवून लिहीत होती:
दार, नाही. पासबुक, नाही. शंख, अजिबात नाही.
पपई, जवळजवळ.
आजोबा, हो, पण टाचा उचलून.

'ते शेवटचं खोड की,' मी म्हटलं.
'का? उचलल्या होत्या ना?'

खाली पालकाची सही हवी होती.
तिचं पेन निळं होतं.
मी पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.